कुळाचा मागोवा : एका ‘म’चा उलगडा

दिवाळीपूर्वी दुकानाची झाडलोट निघाली की माळ्यावरची एक लोखंडी पेटी हमखास खाली उतरते. लाल कापडी पुठ्ठ्याच्या, दोऱ्याने बांधलेल्या जुन्या वह्यांवरची धूळ झटकली जाते, दोन दिवस त्यांना ऊन दाखवले जाते, आणि वहीपूजनाच्या संध्याकाळी नव्या वहीवर कुंकवाचे स्वस्तिक उमटेपर्यंत त्या पुन्हा पेटीत गेलेल्याही असतात. त्या वह्या वाचू शकणारे शेवटचे माणूस घरातून जाऊन बहुतेक कुटुंबांत दोन पिढ्या उलटल्या आहेत. व्यापारी घराने कागद जपला. तो वाचण्याची विद्या मात्र हातची गेली.

अलीकडे कुळाचा इतिहास लिहिण्याची हौस समाजात वाढली आहे. कुटुंबमेळावा ठरतो, स्मरणिका निघते, तिच्या मधल्या पानावर वंशवृक्ष छापायचा असतो. मूळ पुरुष कोण, तो कोणत्या गावाहून आला, त्याने दुकान केव्हा मांडले, हे प्रश्न तेव्हाच प्रथम विचारले जातात. घरातील तरुण मंडळी मग जुन्या जनगणनेच्या शोधाला लागतात. त्या शोधात काय मिळते, काय मिळत नाही, आणि मिळालेल्या पानावरील पुसट शब्द कसा वाचावा, हे नीट समजून घेतलेले बरे.

नावे कोठे राहिली?

इंग्लंड-अमेरिकेत स्थायिक झालेल्या नातलगांकडून पुष्कळांनी ऐकलेले असते की तेथे शंभर वर्षांपूर्वीच्या जनगणनेचे घरोघरचे तक्ते कोणालाही पाहता येतात. ते खरे आहे. इंग्लंड व वेल्सची १९२१ ची जनगणना शंभर वर्षांच्या मुदतीनंतर जानेवारी २०२२ मध्ये खुली झाली; अमेरिकेत ही मुदत ७२ वर्षांची असल्यामुळे तेथील १९५० चे तक्ते एप्रिल २०२२ मध्ये खुले झाले. तेथे घरातील प्रत्येक माणसाचे नाव, वय, नाते आणि व्यवसाय हाताने लिहिलेला सापडतो.

आपल्याकडे तसे नाही. संपूर्ण देशात एकाच वेळी झालेली पहिली जनगणना १७ फेब्रुवारी १८८१ ची. तेव्हापासूनचे जाडजूड छापील अहवाल ग्रंथालयांत आहेत. कोणत्या जिल्ह्यात किती जैन होते, हे त्यांतून कळते. मात्र त्यांत आकडे आहेत, नावे नाहीत. स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या जनगणना कायद्याने तर घरोघरची नोंद गोपनीय ठरवली. ती कोणाला पाहताही येत नाही आणि न्यायालयात पुरावा म्हणून सादरही करता येत नाही. म्हणून ‘आमच्या पणजोबांचा जनगणनेतील कागद’ या मार्गाने मिळण्याची आशा धरू नये.

मग नावे कोठे राहिली? ती राहिली इंग्रजी जनगणनेच्या आधीच्या आणि तिच्या बाजूने चाललेल्या देशी कागदांत. पेशवाईत आणि कंपनी सरकारच्या आरंभीच्या काळात गावोगाव ‘खानेसुमारी’ होत असे. खाने म्हणजे घर आणि सुमारी म्हणजे मोजदाद. गावात घरे किती, माणसे किती, धंदे कोणते, यांची ती यादी. अशा याद्या पुण्याच्या पेशवे दफ्तरात आहेत, जुन्या वतनदारांच्या घरीही आहेत. तहसील कचेरीतील जन्ममृत्यूची नोंदवही, जिला लोक ‘कोतवाल बुक’ म्हणतात, ती दुसरी. शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर तिसरे. आणि चौथी, आपल्याच माळ्यावरची खातेवही. या चारही ठिकाणी जुना मजकूर बहुधा मोडी लिपीत असतो.

अक्षर आणि अर्थ यांच्यामधील अंतर

मोडी ही घाईने लिहिण्यासाठी घडलेली लिपी आहे. कारकून आधी कागदाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत शिरोरेघ ओढून घेई आणि मग बोरू शक्यतो न उचलता तिच्याखाली अक्षरे गुंफीत जाई. दोन शब्दांमध्ये जागा नाही, वाक्य संपल्याची खूण नाही, ऱ्हस्वदीर्घाचा भेद नाही. वारंवार येणारे शब्द पहिल्या अक्षरावर आणून त्यापुढे दोन उभ्या रेघा मारण्याची पद्धत होती. मौजे म्हणजे ‘मौ॥’, परगणे म्हणजे ‘प॥’. लिहिणाऱ्याला आणि त्या काळच्या वाचणाऱ्याला ते अंगवळणी पडलेले असल्याने कोणाचे काही अडत नसे. अडते ते आज.

मारवाडी आणि गुजराती पेढ्यांच्या लिपीने तर याहून पुढे मजल मारली होती. महाजनी किंवा मुडिया लिपीत, तसेच गुजराती व्यापाऱ्यांच्या बोडिया अक्षरांत, काना-मात्रा-वेलांटी गाळण्याचीच रीत होती. ‘काकाजी अजमेर गया’ असे पेढीवरून आलेले पत्र घरी ‘काकाजी आज मर गया’ असे वाचले गेले आणि काकाजी परत येईपर्यंत घरात सुतक पाळले गेले, ही गोष्ट पुष्कळ घरांत आजोबांनी नातवंडांना सांगितलेली असते. ती हसण्यासाठी सांगितली जाते. परंतु कुळाचा इतिहास लिहिणाऱ्याने तिच्याकडे गंभीरपणे पाहावे, कारण जुना कागद वाचताना जिवंत माणसाला मृत आणि मृताला जिवंत करण्याचा प्रमाद फार सहज घडतो.

हे कसे घडते आणि कसे टाळावे, ते एका उदाहरणाने पाहू. पुढील घर कल्पित आहे. त्यातील अडचणी मात्र असे कागद वाचणाऱ्या प्रत्येकापुढे येणाऱ्या आहेत.

‘कोम म…’

नगर जिल्ह्यातील एका पेठेच्या गावी मारवाडातून आलेले एक ओसवाल घराणे आहे. मेळाव्यासाठी वंशवृक्ष तयार होत होता. मूळ पुरुषाच्या चौकटीखाली ‘यांनी दुकान नावारूपास आणले’ असे वाक्यही लिहून झाले होते. तेवढ्यात घरातील पुतण्याने गावच्या जुन्या खानेसुमारीच्या एका पानाची छायाप्रत मिळवली. पानाच्या डोक्यावर शके १७६५, मार्गशीर्ष शुद्ध, एवढे स्पष्ट होते. मोडी जाणणाऱ्या एका शिक्षकांच्या मदतीने घराची ओळही सापडली. ओळीच्या आरंभी एका बाईचे नाव, पुढे ‘कोम’, मग एक ‘म’, त्यानंतर कसरीने खाल्लेले भोक, आणि भोकाच्या पलीकडे मूळ पुरुषाचे नाव.

‘कोम’ म्हणजे अमक्याची पत्नी, जसे ‘बिन’ किंवा ‘वलद’ म्हणजे अमक्याचा मुलगा. तिथपर्यंत वाद नव्हता. वाद होता त्या ‘म’चा.

पुतण्याने ‘मुक्काम’ असे वाचले. त्याचे म्हणणे असे की मूळ पुरुष त्या वेळी खरेदीसाठी परगावी मुक्कामाला असतील, म्हणून ओळीत बाईचे नाव आधी आले. वाचन सर्वांना आवडले. व्यापारासाठी फिरणारा पूर्वज कोणाला नको असतो?

“मुक्काम लिहिला, तर पुढे गावाचं नाव हवं ना?” घरातले वडीलधारे काका म्हणाले.

“भोकात गेलं असेल, काका.”

“भोकाएवढ्या जागेत ‘क्काम’ही बसायचा आणि गावही बसायचं? बोट ठेवून बघ.”

बोट ठेवल्यावर ते बसेना. दुसऱ्या एकाने ‘मजकूर’ असे सुचवले. मजकूर म्हणजे वर सांगितलेला. ‘वर सांगितलेल्या अमक्याची पत्नी’ असा अर्थ लागला, तर मूळ पुरुष हयात आहेत आणि वंशवृक्षात काही बदलावे लागत नाही. हेही वाचन सोयीचे होते. शिक्षकांनी दोन गोष्टी दाखवल्या. एक, त्याच पानावर कारकुनाने ‘मजकूर’ अनेकदा लिहिला होता, पण तो नेहमी नामाच्या मागून येत होता; मौजे मजकूर, साल मजकूर. येथे तो नावाच्या आधी कसा येईल? दुसरी, ‘वर सांगितलेला’ म्हणायला वर कोणीतरी सांगितलेला असावा लागतो. या घराची नोंद बाईच्या नावानेच सुरू होत होती. तिच्या वर दुसऱ्याच घराची ओळ होती.

उरला तिसरा शब्द, ‘मयत’. कारकुनाने त्याच यादीत आणखी दोन ठिकाणी तो लिहिला होता, आणि दोन्ही ठिकाणी तो नावाच्या आधी होता. भोकाच्या रुंदीतही तो नेमका बसत होता. याचा अर्थ, शके १७६५ च्या मार्गशीर्षात मूळ पुरुष हयात नव्हते आणि घराची धुरा बाईंकडे होती.

साल मोजण्यातील फसगत

घरात शांतता पसरली. तेवढ्यात पुतण्याने माळ्यावरच्या वहीतील एक पान पुढे केले. त्यावर संवत् १९००, आषाढ शुद्ध अशी मिती होती आणि खाली मूळ पुरुषाची दस्तुरखुद्द सही होती. शके १७६५ चा मार्गशीर्ष म्हणजे १८४३ ची अखेर. संवतातून ५६ वजा केले की १९०० चा आषाढ येतो १८४४ मध्ये. म्हणजे ‘मयत’ ठरल्यानंतर सहा-सात महिन्यांनी मूळ पुरुष सही करीत होते! ‘मयत’ हे वाचन खोटे ठरले, असे सर्वांना वाटले.

खोटे ठरले नव्हते. हिशोब चुकला होता. विक्रम संवत मोजण्याच्या दोन रीती व्यापारी घरांत चालत. गुजरातकडील रीतीप्रमाणे संवताचा आकडा दिवाळीनंतर, कार्तिक शुद्ध प्रतिपदेला बदलतो. उत्तरेकडील रीतीप्रमाणे तो चैत्रात बदलतो. त्यामुळे चैत्रापासून दिवाळीपर्यंतच्या महिन्यांत या दोन रीतींमध्ये एका वर्षाचे अंतर पडते. संवत् १९०० चा आषाढ कार्तिकी रीतीने १८४४ चा, तर चैत्री रीतीने १८४३ चा.

या घराची रीत कोणती, याचे उत्तर कोणत्याही पुस्तकात नव्हते. ते त्याच वहीत होते. काकांनी वही पहिल्या पानापासून उलटली. नवी वही दिवाळीला, कार्तिकात, संवत् १८९९ लिहून सुरू झाली होती. फाल्गुनापर्यंत १८९९ हाच आकडा होता. चैत्र शुद्ध प्रतिपदेला तो १९०० झाला. वही दिवाळीची, पण आकडा चैत्राचा! मारवाडातून आलेल्या घराने आपली मूळ गणना सोडली नव्हती. म्हणजे सहीचे पान १८४३ च्या आषाढातले. सही आषाढातली, खानेसुमारी त्याच वर्षीच्या मार्गशीर्षातली. मधल्या पाच महिन्यांत मूळ पुरुष वारले.

मग त्यापुढची, १८४३ च्या दिवाळीची वही उघडली. तीत अक्षर बदलले होते. ते मुनिमाचे असावे. त्या पानांवर मूळ पुरुषाची सही कोठेही नव्हती. माल येत होता आणि जात होता, उधारी वसूल होत होती, आणि घरखात्याच्या माथ्यावर बाईंचे नाव होते. त्यापुढच्या सलग अकरा वह्यांत ते नाव तसेच राहिले. बाराव्या वहीत मुलाचे नाव आले.

काकांच्या आत्याबाई लहान मुलांना सांगत असत की ‘हे दुकान एका बाईनं राखलंय.’ म्हाताऱ्या माणसाचे बोलणे म्हणून त्याकडे कोणी लक्ष दिले नव्हते. वंशवृक्षाच्या कच्च्या प्रतीत तर त्या बाईंना जागाच नव्हती. तेथे बापाखाली मुलगा आणि मुलाखाली नातू एवढेच होते. एका अक्षराच्या वाचनावर हे सारे अवलंबून होते. ‘मुक्काम’ किंवा ‘मजकूर’ छापले गेले असते, तर अकरा वर्षे दुकान चालवणारी बाई स्वतःच्याच कुळाच्या इतिहासातून कायमची गळाली असती. कारण छापलेली चूक मोडीतल्या पुसट शब्दासारखी नसते. ती स्वच्छ अक्षरात असते, आणि पुढची स्मरणिका तिचीच नक्कल करते.

वाचणाऱ्याने पाळायची शिस्त

या उदाहरणातून काही नियम निघतात. ते प्रत्येक घराने वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवण्यासारखे आहेत.

पहिला नियम असा की आधी अक्षर वाचावे, मग शब्द, आणि अर्थ सर्वांत शेवटी. अर्थ आधी मनात धरला की डोळ्यांना तोच दिसू लागतो. अनोळखी हस्ताक्षर असेल तर त्याच लेखकाच्या स्पष्ट शब्दांतून एकेक अक्षर उचलून एक तक्ता करावा. बारा-पंधरा ओळींत बहुतेक अक्षरे सापडतात. प्रत्येक कारकुनाचा ‘म’ वेगळा असतो, पण एकाच कारकुनाचे सारे ‘म’ बहुधा सारखे असतात.

दुसरा, जे दिसत नाही ते भरू नये. फाटलेली जागा नकलेत रिकामी ठेवावी. तर्काने भरलेला शब्द चौकटी कंसात घालावा आणि खात्री नसेल तर त्यापुढे प्रश्नचिन्ह द्यावे. ‘वाचता येत नाही’ असे लिहिण्यात कमीपणा नाही. रोजमेळात ज्या रकमेचा मेळ लागत नाही ती प्रामाणिक मुनीम वेगळी दाखवतो. ती कोणाच्या तरी खात्यावर ढकलून मोकळा होत नाही.

तिसरा, एका कागदावर विसंबू नये. खानेसुमारीतील शब्द वहीने तपासावा, वही कोतवाल बुकाने, आणि दोन्ही घरातील वृद्धांच्या आठवणींनी. दोन कागद भांडू लागले तर लगेच एकाला खोटे ठरवू नये. शक, संवत, फसली किंवा सुहूर सन यांपैकी कोणती गणना चालली आहे, हे आधी पाहावे. शकात ७८ मिळवले की बहुतेक महिन्यांसाठी इसवी सन येतो. शकात १३५ मिळवले की चैत्री संवत येतो. सुहूर सन आकड्यांऐवजी अरबी संख्याशब्दांत लिहिलेला असतो. ‘इहिदे खमसैन मया व अलफ’ म्हणजे एक, पन्नास, शंभर आणि हजार मिळून ११५१, अर्थात इसवी १७५०-५१. हे शब्द कोणाचे नाव किंवा आडनाव समजून वंशवृक्षात घुसवण्याची चूकही नवशिक्याच्या हातून होऊ शकते.

चौथा नियम जातीच्या व धर्माच्या नोंदीविषयीचा आहे. जुन्या देशी यादीत जैन घर ‘जैन’ म्हणून सापडेलच असे नाही. कारकुनाला जे दिसे किंवा जे कानावर पडे ते तो लिही; वाणी, गुजर, मारवाडी, श्रावक. ‘श्रावक’ हा शब्द पाहून ते माणसाचे नाव समजू नये आणि ‘वाणी’ पाहून हे आपले घर नव्हे असेही मानू नये. पुढे इंग्रजी अमदानीच्या जनगणनेतही काही जैन घरे हिंदू म्हणून लिहिली गेल्याचा उल्लेख सरकारी अहवालांतच आढळतो.

पाचवा नियम कागदाच्या जिवाचा. शाई उठून दिसावी म्हणून पान ओले करू नये, त्यावर कोणतेही रसायन किंवा लिंबाचा रस लावू नये. फाटलेल्या जागी चिकटपट्टी लावू नये आणि प्लास्टिकमध्ये पान कायमचे बंदिस्तही करू नये. खिडकीपाशी, बाजूने येणाऱ्या उजेडात पानाचे छायाचित्र घ्यावे. तिरप्या उजेडात बोरूच्या दाबाने पडलेले चरे दिसतात आणि शाई उडालेले अक्षरही कधीकधी हाती लागते. नंतरचे सारे वाचन छायाचित्रावरून करावे आणि मूळ पान सुती कापडात बांधून ठेवावे.

मोडी शिकणे वाटते तितके अवघड नाही. राज्याच्या पुराभिलेख विभागातर्फे आणि अनेक शहरांतील संस्थांतर्फे तिचे वर्ग चालतात. १९१० मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळाने या कागदांच्या वाचनाची मोठी परंपरा जोपासली आहे. घरातील एका मुलाने किंवा सुनेने हे शिक्षण घेतले, तर पेटीतील वह्या पुन्हा बोलू लागतील.

त्या घराच्या वंशवृक्षाचे पुढे काय झाले, हेही सांगायला हवे. मूळ पुरुषाच्या शेजारी दुसरी चौकट काढण्यात आली आणि तीत बाईंचे नाव लिहिले गेले. ‘यांनी दुकान नावारूपास आणले’ हे वाक्य पहिल्या चौकटीखालून काढून दोन्ही चौकटींच्या मधोमध आले. खानेसुमारीची ओळ खाली जशीच्या तशी छापायची ठरली : ‘कोम म[यत]’. पुतण्याने विचारले की आता खात्री झाली आहे, तर कंस कशाला?

“भोक अजून तिथंच आहे ना,” काका म्हणाले. “पुढच्याला कळू दे, कागदानं किती सांगितलं आणि आपण किती.”